सातवी कण्हेर

चांदवडजवळच्या त्या शाळेला दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि कुंपणालगत सात कण्हेरी. वत्सलाबाईंनी एकेक कण्हेर एकेका मुलाच्या नावावर करून दिली होती. सातवी पायलची.

कण्हेर एकदा रुजली की तिला पाणी लागत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. पण मुलांना सवय लागावी म्हणून त्यांनी ते सांगितलं नाही. २००१च्या उन्हाळी सुट्टीत तिसरीतली पायल घरचा पितळी तांब्या घेऊन शाळेमागच्या विहिरीवर गेली. संध्याकाळी पायल पाण्यात सापडली. तांब्या सापडला नाही.

दोन वर्षांनी गावाला टँकर सुरू झाला. विहीर आटली, तळाला भेगा पडल्या. तांब्या तिथंही नव्हता.

एका सकाळी खिचडी शिजवणाऱ्या सरुबाईनं कुंपणाजवळून हाक मारली.

"बाई, झाडाला पाणी टाकता का वो? हितं माझी सून कपभर पाण्यात भांडी धुती!"

"मी नाही टाकलं."

"मंग काय टँकरवाल्याचं लगीन लागलंय कण्हेरीशी?"

हसता हसता ती थांबली. सहा आळी कोरडी होती. सातव्यात चिखल होता. सरुबाईनं पदर तोंडाला लावला.

मग रोज तेच. बाई उजाडताच येऊन समोर बसू लागल्या. कुणी यायचं नाही. क्षणभर नजर वळली की माती काळी झालेली असायची. शेवाळाचा वास यायचा.

त्या महिन्याअखेर बाई निवृत्त होणार होत्या. एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सांगितल्याशिवाय त्यांना शाळा सोडवणार नव्हती.

शेवटून दुसऱ्या दिवशी त्या आळ्याशी उकिडव्या बसल्या.

"पायल, बाळा, पुरे आता. हिला पाणी लागत नाही गं. मला माहीत होतं. मीच सांगितलं नाही."

घसा कोरडा पडला.

दुसऱ्या सकाळी बाईंनी सातव्या आळ्यात बोट खुपसलं. खोलवर कोरडं. वर फुलं मात्र टवटवीत, गुलाबी.

त्या तिथंच बसून बराच वेळ रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी वर्गाचं कुलूप काढलं.

टेबलावर पितळी तांब्या होता. हिरवा पडलेला, काठोकाठ भरलेला.

पाणी अजून हलत होतं.