फक्त शेखरचा पासपोर्ट

"गुरुवारी व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, आणि माझ्या नवऱ्याचा पासपोर्ट घरातून गायब झालाय," तनुजा कुटे म्हणाली.

निगडी प्राधिकरणातल्या लहानशा ऑफिसात ती रविवारी सकाळी एकटीच आली होती. समोर खासगी गुप्तहेर करिष्मा काळभोर होती, शेजारी तिचे गोरक्षमामा. बसचालकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मामा भाचीला मदत करत, आणि पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार ठरवून मोकळे होत.

शेखर चाकणच्या एका कार कंपनीत इंजिनिअर होता. कंपनी त्याला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवत होती. तनुजाही सोबत जाणार होती.

"पासपोर्ट कुठे होते?"

"लोखंडी कपाटात, कापडी पिशवीत. सोमवारी दुपारी घरात कुणी नसताना मी सगळे कागद नव्या पिवळ्या फाइलमध्ये लावले. मंगळवारी सकाळी झेरॉक्ससाठी बघितलं, तर माझा पासपोर्ट जागेवर, शेखरचा नाही. घाबरून फाइल मी ऑफिसच्या बॅगेत टाकली. तिच्याबद्दल घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही."

"कपाटाची किल्ली?"

"स्वयंपाकघरात, खिळ्याला. घरात आम्ही तिघंच. मी, शेखर आणि सासरे."

"पोलिसांत तक्रार?"

"शेखर म्हणतो, थांबू. कंपनी तातडीने दुसरा काढून द्यायला मदत करतेय, त्यांनाही त्याने नको म्हटलंय."

जिना उतरताना मामा कुजबुजले, "म्हातारा! एकटा पडेल ना तो."

कुटे कुटुंबाच्या आकुर्डीच्या घरी शेखरचे वडील आबाजी दारापुढच्या ओट्यावर कांदे पसरत होते.

"पोरं गेलेली चालतील, आबा?" करिष्माने विचारलं.

"करमायचं न्हाई. पर मीच जा म्हनलो. माज्यापायी कुनी अडू नये."

"पासपोर्ट कुठं असतील?"

"त्या कापडी पिशवीत. नीट बगा की, आसंल तितंच."

शेखर आत बसला होता. डोळे तारवटलेले. "कपाट मी दिवाळीपासून उघडलेलं नाही. सेकंड शिफ्ट चालूय, घरी येतो ते झोपायलाच."

"मग पासपोर्ट गेला कुठे?"

"पिवळ्या फाइलमधून कुठेतरी सरकून पडला असेल."

"तुम्हाला जायचंय ना जर्मनीला?"

"तनुजा आठ महिने भाषा शिकतेय," शेखर म्हणाला.

करिष्माने तिघांना एकत्र बसवलं.

"बाहेरच्या चोराने एकच पासपोर्ट नेला नसता. आबांना अजून वाटतंय, कागद पिशवीतच आहेत. म्हणजे सोमवारनंतर त्यांनी कपाट उघडलेलं नाही. फाइल मात्र शेखररावांना माहीत आहे. ती सोमवारी दुपारी कपाटात गेली आणि मंगळवारी सकाळी बाहेर आली. मधल्या वेळात, शिफ्टवरून आल्यावर, तुम्ही कपाट उघडलंत."

"पण स्वतःचाच पासपोर्ट?" मामा चक्रावले.

"खरंच हरवला असता, तर त्यांनी कंपनीची मदत घेतली असती. पण हरवल्याची तक्रार केली, की जुना पासपोर्ट रद्द होतो. तो रद्द व्हायला नको होता, कारण जाण्याचा दरवाजा यांना पुरता बंद करायचा नव्हता. मी विचारलं यांच्याबद्दल, उत्तर आलं तनुजाताईंबद्दल. यांच्या मनातलं घरात कुणी विचारलेलं नाही, आणि यांनीही सांगितलेलं नाही."

शेखर खाली बघत होता. "कंपनीच्या लॉकरमध्ये आहे," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा मी शिफ्टला होतो. आबांच्या वेळेला तरी घरी असावं, असं वाटतं."

"माज्या मरनाची वाट बगत किती वर्सं बसशील?" आबाजी म्हणाले. "मी जा म्हनलो ते तोंडानं रं. पर आता मनापासनं सांगतो, जा."

शेखर तनुजाकडे वळला.

"तुला खरंच जायचंय?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "खूप. पहिल्यांदाच विचारलंस."

पुढचं तिघंच बोलले. मामा आणि करिष्मा तोवर ओट्यावर थांबले.

बुधवारपर्यंत शेखरने लॉकरमधून पासपोर्ट आणला, आणि कंपनीने त्याच्या विनंतीवरून तीन वर्षांऐवजी एका वर्षाला होकार दिला. आबाजींच्या सोबतीला चाकणहून त्यांची बहीण गिरजाबाई येणार होती. गुरुवारी आबाजी दोघांना सोडायला व्हिसा केंद्रापर्यंत आले आणि फाटकाबाहेर थांबले. रांग पुढे सरकली तरी शेखर मागे वळून बघत उभा राहिला. मागचा माणूस "चला, भाऊ" म्हणाला. तनुजाने त्या माणसाला पुढे जाऊ दिलं आणि ती शेखरजवळ थांबली.