अकरावी पायरी

फ्रेमवाल्याने फोटो उजेडाला धरला, आडवा केला, उभा केला, काउंटरवर ठेवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "वडिलांचं डोकं घरी राहिलं का?"

चिऊला रागच आला. सुताराची मुलगी ती, भुशात खेळून मोठी झालेली. बाबांची कुणी थट्टा केली की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. पण फोटोकडे पाहिल्यावर तिलाही ते दिसलं. फोटोत शिडी होती, शिडीवर बाबा होते, खांद्यापर्यंतचा सदरा होता. त्याच्या वर काहीच नव्हतं. हाच फोटो तिने हौसेने छापून आणला होता, आणि डोकं नाही हे तिच्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालं होतं की खटकलंसुद्धा नव्हतं.

"तुम्हाला फ्रेम करायचीय की चौकशी?" ती म्हणाली.

"फ्रेमच. पण उद्या वडील भिंतीकडे बघून विचारतील, हा कोण, तर पंचाईत माझी व्हायची."

तिला हसायचं नव्हतं... पण हसू आलंच. समोरचा माणूस मात्र हसत नव्हता. कानावर पेन्सिल, हातांना गोंद, आणि काहीही बघायचं झालं की डावा डोळा मिटायची सवय. आत्ताही तो एक डोळा मिटून तिच्याकडेच बघत होता, जणू काचेचं माप घेतोय.

फोटो कशाला हवा, ते तिने मग सांगितलं. बाबांचं शिड्यांचं दुकान, म्हणजे मागे कारखाना, पुढे दुकान आणि वर घर, महिनाअखेर बंद होणार होतं. हलक्या पत्र्याच्या शिड्या आल्यापासून लाकडी शिडीला कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या दादाने सांगून टाकलं होतं, आता पुरे, मी टेम्पो घेऊन येतो, दोघंही आमच्याकडे चला. दादा मनाने चांगला, वहिनी त्याहून चांगली, त्यामुळे धड भांडताही येत नव्हतं. निदान दुकानाची आठवण म्हणून बाबांना एक फोटो द्यावा, एवढंच तिच्या मनात होतं.

"मी दुकानाचं पेजही काढलं होतं," ती म्हणाली. "सहा महिने रोज फोटो टाकतेय. सतरा लाइक येतात. त्यातले चौदा नातेवाईक."

"दाखवा बघू."

त्याने अंगठ्याने एकेक फोटो वर सरकवला. टोक नसलेली शिडी. पाय नसलेली शिडी. मधलाच तुकडा आलेली शिडी, जिच्याखाली कुणीतरी विचारलं होतं, पूर्ण घ्यावी लागते की अशी अर्धीही मिळते? एक स्टूल तेवढं अख्खं आलं होतं.

"फोटोचं माप काय टाकता?"

"तेराशे पन्नास बाय हजार ऐंशी. चुलतबहिणीने सांगितलंय."

"तिने असंच सांगितलं? आधी तेराशे पन्नास?"

चिऊ उत्तर द्यायला गेली आणि थांबली. चुलतबहीण म्हणाली होती, हजार ऐंशी बाय तेराशे पन्नास. पण बाबांच्या कारखान्यात लांब माप नेहमी आधी. फळी आठ बाय एक, दार सात बाय तीन. लहानपणापासून कानांत बसलेलं. ॲपमध्ये आकडे भरताना तिच्या हाताने आपोआप मोठा आकडा आधी टाकला होता, आणि ॲपने गुपचूप शिडीचं डोकं उडवलं होतं.

"आमच्याकडे रुंदी आधी, मग उंची," तो म्हणाला. "फोनवाल्यांकडेही तसंच. तुम्ही सहा महिने उभी वस्तू आडव्या खिडकीतून दाखवताय."

"सहा महिने..." तिचा आवाज खाली गेला. एवढी साधी चूक, आणि तीही आपली.

"मूळ फोटो असतील ना? परत नीट कापू."

"फोन भरला म्हणून पुसून टाकले."

काउंटरखालून त्याने जाड पुठ्ठ्याचे उरलेसुरले तुकडे काढले, पट्टी ठेवली आणि सुरी फिरवायला लागला. पाच मिनिटांत तिच्यासमोर चार पुठ्ठे होते, प्रत्येकात एक रिकामी खिडकी.

"ही चार रुंद, पाच उंच. तुमचे हजार ऐंशी, तेराशे पन्नास म्हणजे हेच. शिडीच्या पोस्टला ही. ही नऊला सोळा, फोनचा अख्खा पडदा भरते, स्टोरीसाठी. हिच्यात वर-खाली दोन बोटं मोकळी सोडायची, तिथे नाव आणि बटणं येऊन बसतात. ही चौकोनी, तुमच्या स्टुलाला. आणि ही आडवी, पेजच्या माथ्यावर पट्टी असते ना, तिच्यासाठी. आधी खिडकीतून बघायचं. मावलं तर फोटो काढायचा."

"आणि नाही मावलं तर?"

"आपण मागे सरकायचं. शिडी कापायची नाही."

"बरं. आणि माझी फ्रेम?"

"फ्रेम मी करणार नाही."

"का?"

"फ्रेम केली की चालू गोष्टीचीही नुसती आठवण होऊन जाते. तुमचं दुकान आज चालू आहे ना?"

चिऊने पुठ्ठे छातीशी धरले. आभार मानायचे होते, पण ती नुसती मान हलवून बाहेर पडली. वळणावर आल्यावर तिला आठवलं की पुठ्ठ्याचे पैसेही विचारले नाहीत. आणि गंमत म्हणजे, परत जायला कारण मिळालं याचा तिला आनंदच झाला.

परत ती दुसऱ्याच दिवशी गेली. मग त्याच्या पुढच्या दिवशीही. एकदा नातेवाईकांकडून मागवलेला दुकानाचा जुना फोटो अंधुक का येतो हे विचारायला. तो म्हणाला, हा कुणाकुणाकडून फिरून आलेला लहान फोटो आहे, ताणून मोठा केलात तर चेहरा सुजणारच, मूळ मोठाच घ्या. एकदा रंग विचारायला. एकदा कशासाठी, ते तिला दारात पोचेपर्यंत आठवलंच नाही.

"आज काय अडलं?" त्याने विचारलं.

"आज... काही नाही. इथून चालले होते."

"तुमचं घर त्या बाजूला आहे."

"मग लांबून चालले होते," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या नमुन्याच्या फ्रेम मोजायला लागली.

सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच कारखान्यात आला. बाबांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं, पुठ्ठे कापणारा तो हाच का, एवढंच विचारलं आणि पुन्हा पायऱ्या घासायला लागले. सगळ्यात उंच शिडी चिऊने आणि त्याने मिळून बाहेर भिंतीला उभी केली. मागे पांढरी चादर ताणली. चिऊ खिडकी डोळ्यासमोर धरून मागे मागे सरकत रस्त्याच्या पलीकडे गेली, तेव्हा कुठे शिडी पायापासून टोकापर्यंत मावली. मोजली तर अकरा पायऱ्या. सहा महिने तिने जगाला सातच दाखवल्या होत्या.

फोटो निघाले. एक, दोन, पाच. मग तो चादरीची सुटलेली गाठ बांधायला वाकला, त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता, बाहीवर गोंद होता, आणि चिऊच्या पुठ्ठ्याची खिडकी हळूच उजवीकडे सरकली. चार रुंद, पाच उंच. तो अगदी नेमका मावत होता. ती बघत राहिली.

"शिडी डावीकडे आहे," बाबा आतून म्हणाले.

चिऊचा चेहरा इतका तापला की तिने पुठ्ठाच तोंडावर धरला. पुठ्ठ्याला खिडकी होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. पलीकडे तो पहिल्यांदाच हसत होता, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

जाताना ती त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेली. "मला तुमचे आभार मानायचेत," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. पण जमतच नाही. तुम्ही हसला असतात तर मी पेज बंद करून गेले असते. तुम्ही पुठ्ठे कापत बसलात..."

"आभार तर मी मानायला हवेत."

"तुम्ही कशाचे?"

त्याने चपलेने एक खडा सरकवला. "माझ्याकडे सगळं होऊन गेलेलं येतं. निवृत्त झालेली माणसं, गेलेली माणसं, विकलेली घरं. मी काच पुसतो आणि खिळे मारतो. तुम्ही आलात, तेव्हा पहिल्यांदा काहीतरी चालू असलेलं आलं. त्या दिवसापासून सकाळी दुकान उघडताना... बरं वाटतं."

दोघंही कोपऱ्यावर जरा जास्तच वेळ उभी राहिली.

आता हे सगळं छानच, पण महिना काही कुणासाठी थांबत नाही. नवे फोटो लोकांना आवडत होते. लाइक सतरावरून दोनशेवर गेले. अनोळखी माणसं लिहीत होती, काय सुंदर काम आहे, आजकाल असं बघायला मिळत नाही. शिडी मात्र एकानेही मागवली नाही. शेवटच्या आठवड्यात दादाचा फोन आला, रविवारी टेम्पो ठरलाय, सामान बांधून ठेवा. बाबांनी बरं म्हणून फोन ठेवला आणि हत्यारांना तेल लावायला बसले. चिऊ दुसरीकडे तोंड करून खोकी बांधत राहिली. फ्रेमवाल्याकडे ती चार दिवस गेली नाही. गेलं तर निरोप घ्यावा लागला असता.

शनिवारी दुपारी दारात एक चष्मेवाल्या बाई उभ्या राहिल्या. हातात फोन, फोनवर चिऊचीच पोस्ट.

"ही अकरा पायऱ्यांचीच आहे ना?" त्यांनी विचारलं. "मी फोटोत मोजल्या. दोनदा."

त्या ग्रंथपाल होत्या. त्यांच्या वाचनालयाची कपाटं छतापर्यंत, जमीन लाकडी, आणि पत्र्याच्या शिड्या त्या जमिनीवर घसरत होत्या. मागच्याच आठवड्यात एक जण पडता पडता वाचला होता. वरच्या फळीला बरोबर अकरावी पायरी लागायची.

"तुमचं पेज मी आधीही पाहिलं होतं," बाई म्हणाल्या. "पण त्यात शिड्या ठेंगण्या दिसायच्या, म्हणून पुढे गेले. सहा हव्यात. दोन लगेच मिळतील का?"

बाबांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. "मिळतील," ते म्हणाले.

रविवारी दादा टेम्पो घेऊन आला, तो घरचं सामान न्यायला. त्यात दोन शिड्या चढल्या आणि टेम्पो वाचनालयाकडे गेला. दादा जरा कुरकुरला, मग बाबांचा चेहरा बघून म्हणाला, राहू दे दुकान चालू. जेवून, कारखाना डोळे भरून बघून तो एकटाच परत गेला. जाताना चिऊच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "लांब माप आधी, तुझी अक्कल मागून."

त्याच संध्याकाळी बाबांनी एक छोटी पाच पायऱ्यांची शिडी खांद्यावर घेतली आणि चिऊला म्हणाले, चल. फ्रेमवाला दुकानात डगमगत्या स्टुलावर चढून फ्रेम टांगत होता. चिऊला दारात पाहून तो उतरायचाच विसरला.

"चार दिवस झाले," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही न सांगताच..."

"त्या स्टुलावरून आधी खाली या," बाबा म्हणाले. "ही घ्या. तुमच्यासाठी केलीय. पोरीने सांगितलं, तुम्ही तिचे पैसे घेतले नाहीत. मीही घेणार नाही. आमचं दुकान उघडं आहे ते तुमच्यामुळे, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

फ्रेमवाल्याने शिडीवरून हात फिरवला. पायऱ्या इतक्या गुळगुळीत होत्या की त्याचे डोळे भरून आले, आणि तो गडबडीने काच पुसायला लागला.

"आता एक काम राहिलं," बाबा म्हणाले. "पेजवर तो गोल फोटो असतो, त्यात नुसती करवत आहे. माणसं टाका."

"बाबा, तुम्ही उभे राहा ना."

"माझा चेहरा बघून गिऱ्हाईक पळेल. पेज तुम्ही दोघांनी उभं केलंय, तुम्हीच राहा. फोन इकडे दे."

दोघं शिडीच्या दोन बाजूंना उभी राहिली.

"गोलात कोपरे कापले जातात," फ्रेमवाला हळूच म्हणाला. "असे लांब उभे राहिलो तर दोघंही जाऊ. मधली शिडी तेवढी राहील."

"मग?"

"मग... जवळ यावं लागेल."

"फोटोसाठीच?" चिऊ समोर बघत म्हणाली.

बाबा फोन आडवा-उभा करत होते. फ्रेमवाल्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"फोटोसाठी नाही," तो म्हणाला. "चार दिवस मी एकही फ्रेम धड केली नाही. सगळ्या तिरक्या. तू जाणार, एवढंच डोक्यात. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून, डोकं नसलेला फोटो घेऊन आलीस तेव्हापासून."

तो तिला 'तू' म्हणाला होता. चिऊ सरकली. खांद्याला खांदा लागला, आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तिच्या बोटांनी त्याची बोटं शोधली.

"मी लांबून चालत यायचे," ती म्हणाली, "ते काय उगाच?"

"काढला," बाबा म्हणाले.

दोघांनी फोनमध्ये वाकून पाहिलं. फोन आडवा धरलेला. शिडीचं टोक गेलेलं. चिऊचं डोकं गेलेलं, त्याचंही गेलेलं. मधोमध स्वच्छ दिसत होती तिसरी पायरी आणि तिच्यावर घट्ट धरलेले दोन हात.

बाबांनी तो फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "डोकी राहिली," ते म्हणाले, "पण मला बघायचं होतं ते आलंय." आणि ते घरी निघाले. चिऊला बरोबर चल असं काही म्हणाले नाहीत.

तो फोटो पेजवर कधीच गेला नाही. फ्रेमवाल्याने तो छापून आणला आणि सागवानी फ्रेममध्ये बसवला. चिऊने फ्रेम उलटी करून पाहिली. मागचे खिळे त्याने ठोकले नव्हते, नुसते दुमडून ठेवले होते.

"हे असं का?"

"अजून चालू आहे ना," तो म्हणाला. "पुढचे फोटो यातच बसवायचेत."