खिशातला टूथब्रश

हेन्निंग पहिल्यांदा बेकरीत आला तो पावसात निथळत, आणि आल्या आल्या काचेमागचा शेवटचा दालचिनी-पाव मागून बसला.

"तो माझ्या लेकीसाठी ठेवलाय," काउंटरमागून मारायके म्हणाली.

"मग लेकीच्या आईनेच काहीतरी सुचवावं... फेरीबोटीवर दोर ओढून ओढून हात गेलेत माझे."

"हात गेले, तोंड बरं शाबूत राहिलं!"

हॅम्बुर्गच्या बंदरावरची माणसं एरवी मोजकंच बोलतात. हा बोलका निघाला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला... आणि पानगळ सरेपर्यंत मारायकेच्या स्वयंपाकघरात बसून आठ वर्षांच्या लोट्टेला खलाशांच्या गाठी शिकवू लागला.

कधी रात्री राहिला, तर सकाळी मारायके दारात त्याची वाट अडवायची. "काही विसरला नाहीस ना?"

तो खिशातून टूथब्रश काढून दाखवायचा. "नाही, सरकार!"

थट्टाच ती, पण तिच्यामागे खरी भीती होती. घरात दुसरं मोठं माणूस राहायला आलं, की एकट्या आईची करसवलत बंद. लग्न केलं, की बाप पैसे देत नाही म्हणून सरकारकडून मिळणारा लोट्टेचा भत्ताही बंद. या दोन्हींच्या जोरावरच तर ती अर्धवेळ काम करून लेक शाळेतून यायच्या आत घरी पोचायची. लोट्टेचा बाप उठून गेला, तेव्हाच तिने मनाशी खूणगाठ बांधली होती, पुन्हा कुणाच्या भरवशावर घर चालवायचं नाही.

ईस्टरच्या रविवारी हेन्निंग तिला हात धरून खाली दारापाशी घेऊन गेला. बेलवर तिच्या आडनावाखाली नवी पितळी पट्टी चकाकत होती. तिच्यावर त्याचं आडनाव. इथे बेलवर नाव आलं, की माणूस त्या घरचा झाला.

मारायकेने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. किती सुंदर दिसत होती दोन्ही नावं! तिचे डोळे भरून आले.

"काढ ती, हेन्निंग."

"लग्न करू ना. मग माझ्यामुळे नवरा-बायकोची करसवलत मिळेल की."

"तुझ्यामुळे... म्हणजे तू आहेस तोवर."

"मी कुठे चाललोय?"

"तोही हेच म्हणायचा."

हेन्निंगचा चेहरा उतरला. "चाळिशी आली माझी, मारायके. पाहुण्यासारखं किती दिवस यायचं? मला घर हवंय गं."

"आणि मला तू हवा आहेस. खूप हवा आहेस... पण लोट्टेचं घर पणाला लावून नाही."

त्याने पट्टीचे स्क्रू काढले, वर जाऊन तोंड धुतलं, लोट्टेच्या केसांवरून हात फिरवला आणि निघाला. दारात मारायकेला नेहमीचा प्रश्न विचारवेना.

संध्याकाळी न्हाणीघरातून लोट्टे ओरडली, "आई, हेन्निंग ब्रश विसरला! म्हणजे तो परत येणार ना?"

ग्लासात तिघांचे ब्रश एकमेकांना टेकून उभे होते. मारायकेने नळ पूर्ण सोडला, रडू ऐकू जाऊ नये म्हणून. इतके दिवस तो ब्रश घेऊन जायचा, आणि परत यायचा.