दुसऱ्या साच्यातली नर्तकी

नोव्हेंबरातली धुकट दुपार होती. चिनीमातीची नर्तकी मफलरमध्ये गुंडाळून रोझविटा अन्सेल्मच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली, ती नुसता बुडाशी उडालेला टवका दाखवायला.

अन्सेल्मनं बाहुलीला फूटपट्टी लावली, मग पुन्हा एकदा लावली.

"रोझविटाबाई, ही तुमची नव्हे."

"माझी नव्हे म्हणजे? लग्नाच्या वर्षी गेर्नोटनं आणली होती. पन्नासच्या दशकातली, सेल्बच्या कारखान्यातली."

"ती वेगळी. भट्टीत ही माती आक्रसते, तुम्हाला काय सांगायचं. खऱ्या बाहुलीवरून कुणी साचा काढला, की त्यातली नक्कल पुन्हा आक्रसते आणि बुटकी निघते. बोटंही बघा... एकमेकांना चिकटलीत." त्यानं आवाज उतरवला. "कपाटाची किल्ली कुणाकुणाकडे असते?"

एक तिच्या गळ्यात, दुसरी नवऱ्याकडे, गेर्नोटकडे. तिनं बाहुली पुन्हा मफलरमध्ये गुंडाळली आणि ती उठली.

घरी येऊन तिनं कपाट उघडलं. मेंढपाळीण, बदकवाली, हरणाचं पाडस, एकेक उचलून पाहिलं. वर्षानुवर्षं उभ्या राहून फळीवर त्यांचे गोल डाग पडले होते. आता प्रत्येक डाग बुडापेक्षा मोठा दिसत होता. कडाक्याच्या थंडीत रविवारचे बाजार पालथे घालून दोघांनी जमवलेला हा संसार, आणि गेर्नोटनं तो तिच्या पाठीमागे खुशाल बदलून टाकला होता. परक्यानं लुटलं असतं तर एवढं लागलं नसतं.

बैठकीच्या खोलीत गेर्नोट आरामखुर्चीत पाठमोरा बसला होता. दिवा लावलेला नव्हता. ओल्या प्लास्टरचा वास येत होता.

"कुणाला विकल्यास? निदान तोंडावर सांग."

तो कॉफी प्यायला. कप दातांना लागला आणि किणकिण झाली, बशीवर बशी ठेवल्यासारखी.

ती तणतणत पुढे गेली, आणि तिथंच थबकली. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. स्वेटरच्या बाह्या पंजावर लोंबत होत्या. खुर्चीच्या हातावर त्याचा हात होता, आणि बोटं... नखापर्यंत एकमेकांत मिसळलेली. गालावरचा तीळ पुसट, सपाट झाला होता.

"तो... कुठाय?"

"निघून गेला..."

"कधी?"

"ईस्टरला."

ईस्टरपासून रोज सकाळी ती याच्यासाठी कॉफी करत होती. रात्री याच्याच शेजारी झोपत होती. ती तोंडावर हात घेऊन रडू लागली.

"रडू नकोस," तो हळूच म्हणाला. आवाज मात्र हुबेहूब गेर्नोटचा होता. "मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी ओळखशील. तोच म्हणाला... तिचं लक्ष कपाटाकडे असतं. तू निर्धास्त बस."