चिऊचा आवाज

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर देविका चार वर्षांच्या भाचीला, मनूला, दहीभात भरवत होती. भरवत कसली, विनवण्या करत होती. "हा घास काऊचा... हा घास चिऊचा," आणि मग चिऊच्या बारीक आवाजात, "मला दे ना गं, मनूताई..." मनू खुदकन हसली, तिने आ केला आणि घास आत गेला.

"उरला तर मलाही द्या," शेजारी बसलेला तरुण म्हणाला.

मिश्कील डोळे होते त्याचे. देविकाही काही कमी नव्हती. तिने खरंच डबा पुढे केला. "काऊचा आहे. चालेल?"

"पळेल."

तो गंधार. माहीमच्या एका स्टुडिओत मुलांचे व्हिडिओ लिहायचा. आठवड्याभरात देविका त्याच्या गोष्टींतल्या चिऊचा आवाज झाली. काचेपलीकडून तो बघायचा आणि हिची वाक्यं चुकायची.

"पुन्हा घेऊ?"

"तू आधी असं बघणं बंद कर."

"मग ऐकू कसा?"

"कानांनी ऐकतात, गंधार."

हे असं रोज चालायचं. दोघांनाही कळत होतं, बोलत मात्र कोणीच नव्हतं.

मग एकदा त्याने नवी गोष्ट आणली. तिच्यात चिऊ घास ढकलते आणि म्हणते, "शी, भात! चिऊला कुर्रमच हवं." कुर्रम म्हणजे पाकिटातला खाऊ.

"जाहिरात आहे ही?"

"गोष्टच आहे गं... थोडी जाहिरात." तो हसला. आणि ही वेडी त्या हसण्यावर भाळून बोलून गेली, इतकं गोड की स्टुडिओतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ घरोघरी पोचला, मनूच्याही घरी.

आज पुन्हा तोच कट्टा, शेजारी गंधार. "हा घास चिऊचा..."

मनूने तोंड फिरवलं. "चिऊ भात खात नाही. चिऊ कुर्रम खाते."

देविकाने आवाज बारीक केला. "खाते गं मी, मनूताई..."

मनू तिच्याकडे बघत राहिली. "तू खोटी चिऊ आहेस, आत्या. खरी मोबाइलमध्ये आहे."

देविकाने घास डब्यात परत ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "काढ तो व्हिडिओ, गंधार."

"माझ्या हातात नाही गं आता. कंपनीचा आहे तो." तो घुटमळला. "देविका... मला तू आवडतेस. फार. कधीपासून सांगायचं होतं."

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. आणि आज तिला त्याचा राग येत होता, त्याहून जास्त स्वतःचा. पोरीच्या तोंडचा घास काढला होता दोघांनी मिळून.

"महिन्यापूर्वी बोलला असतास तर..."

"तर?"

"विश्वास बसला असता. आता तू गोड बोललास की भीती वाटते रे."

"सोडतो मी ती नोकरी."

"सोड. पण माझ्यासाठी नको."

तो डब्याकडे पाहत, पहिल्या दिवसासारखंच म्हणाला, "उरलाय... मलाही देशील?"

डबा भरलेलाच होता. तिला द्यायचंही होतं, खूप. तिने झाकण लावलं आणि मनूचं बोट धरून ती घराकडे चालू लागली.