सात नंबरची विहीर

“पाणी प्यायला हवंय, की परीक्षेला बसवायला?”

ती दचकली. हातातली दोरी सुटता सुटता राहिली. मागे रोपवाटिकेचा मालक उभा होता — कोपरापर्यंत माती आणि डोळ्यांत नको तितकं हसू.

“परीक्षेला,” ती म्हणाली. “कॉलेजचा प्रकल्प आहे. वस्तीतल्या बारा विहिरी तपासायच्या आणि शेवटी सगळ्यांना बोलावून निकाल सांगायचा. तुमची सात नंबरची.”

“नापास करू नका हं. अर्धी गल्ली हिचं पाणी पिते. माझी रोपंही.”

तिनं बाटली विहिरीच्याच पाण्यानं तीनदा विसळली, मग भरली.

“बाटलीचे एवढे लाड?”

“आधीचं काहीबाही राहिलं तर विहिरीवर उगाच आळ येतो.”

पुढच्या आठवड्यापासून तिचं नावच पडलं. “आल्या आमच्या तीनदाबाई!” वहीत तिनं विहिरींचा क्रम अंतर मोजून ठरवला होता. सात नंबर वाटेत तिसरी लागायची, तरी ती इथं शेवटी येऊ लागली. शेवटच्या विहिरीपाशी घाई नसते ना...

पाचव्या आठवड्यात वारा भलताच सुटला होता. दोन्ही हात दोरीत, केस तोंडावर. “द्या इकडे,” म्हणत त्यानं बाटली घेतली आणि बाजूच्या बादलीत बुडवली. “एकदा... दोनदा...” तो अगदी गंभीर चेहऱ्यानं मोजत होता. नजर मात्र तिच्यावर.

“तीनदा!”

तेव्हा तिला बादलीच्या कडेचं पांढरं वर्तुळ दिसलं. खताचं पाणी होतं ते. बाटली घेताना बोटाला बोट लागलं आणि तोंडाशी आलेलं वाक्य विरघळलं. दुसरी कोरी बाटली पिशवीत होती. ती पिशवीतच राहिली; त्यानं विसळलेलीच तिनं विहिरीच्या पाण्यानं भरली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. सरांनी नकाशा लावला. त्यावर फक्त आकडे. पण सात नंबर कुणाची, हे कुणाला सांगायला हवं होतं?

“इथं नायट्रेट अचानक दुप्पट झालंय,” सर म्हणाले.

“लहान लेकरांना चालेल का हो?” कडेवर बाळ घेतलेल्या एका बाईनं विचारलं.

“अजिबात नाही.” सर मग आपल्या विद्यार्थिनीकडे वळले. “नमुना नीट घेतला होतास ना गं?”

शेवटच्या रांगेत तो बसला होता.

“हो, सर.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं... आणि मान खाली घातली.

चौथ्या दिवशी लोकांनी विहिरीवर पत्रा ठोकला. रोपं उन्हानं करपायला लागली. तिला झोप लागेना, तरी पुन्हा तिथं जायला तिनं नऊ दिवस घेतले. पत्र्याच्या फटीतून दोरी सोडली, बाटली तीनदा विसळली. तपासणीत पाणी स्वच्छ निघालं. सरांची बोलणी खाऊन तिनं गल्लीच्या फळ्यावर कागद लावला : ‘विहीर चांगली आहे. चूक नमुना घेणारीची होती.’ खाली स्वतःची सही. मग ती रोपवाटिकेकडे धावली.

तो उरलेल्या कुंड्या टेम्पोत चढवत होता. लांबच्या शहरात एका बागेत काम मिळालं होतं.

“पत्रा काढतील आता,” ती धापा टाकत म्हणाली.

“काढतील. पण माझी रोपं वाळली, तीनदाबाई. गिऱ्हाईकही तुटलं.”

“बादली खताची होती, हे तुम्हाला कळलं होतं ना?”

“सभेतच कळलं. आकडा ऐकला तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यानं हातातली कुंडी हळूच खाली ठेवली.

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो.”

“तुम्ही आवडत होता मला... बाटली हातात घेतलीत तेव्हाही. म्हणून तर तेव्हा —”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच तर जास्त लागलं.”

टेम्पो वळणापर्यंत दिसत होता. त्यानं मागे वळून पाहिलं. एकदाच.