सुटी होत गेलेली गाडी

आमच्या घरात कधी प्लंबर आला नाही, सुतार आला नाही, वायरमन तर नाहीच. नळ गळायला लागला की बाबा रविवारी सकाळी तो उघडून बसत आणि आम्ही दोघं भावंडं शेजारी फतकल मारून, पक्कड कोण देणार आणि बॅटरी कोण धरणार यावरून भांडत असू. आई म्हणायची, "या घरात पाहुण्यांपेक्षा पाने जास्त."

या सगळ्याचं मूळ बाबांची मोटरसायकल. एका सिलिंडरची, जड, काळ्या टाकीची. लग्नाआधी त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती आणि तिच्यावर हात चालवता चालवता ते बाकी सगळं शिकले. आई ती चालवायला शिकली आणि महिन्याभरात तिनं बाबांना मागं बसवलं. दादाला आणि मला सायकलच्या आधी कार्बोरेटर साफ करता यायला लागला. पुढं दादा पाच तासांवरच्या शहरात अवजड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन झाला. मी लिफ्ट तपासते. दोर, ब्रेक, दरवाजे. दोष सापडला की लिफ्टच्या दारावर कागदी पट्टी चिकटवायची, तिच्यावर सही आणि तारीख घालायची. ती पट्टी फाडल्याशिवाय दार उघडत नाही. सांगायचं एवढंच, की जे मोजता येतं त्यावर माझं पोट आहे.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आई त्या बैठ्या घरात एकटीच राहायची. गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुलपात. दादा ती गाडी नेणार होता, दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत.

दर रविवारी मी आईकडे जाते. त्या रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी नवीन हूक नेला होता. जरा वारा सुटला की ती खिडकी आपटायची. पण ती आपटत नव्हती. चौकटीपासून झडपेपर्यंत एक जाड स्प्रिंग ताणून बसवलेली होती. खिडकी ढकलली की हळूच मागं येऊन बसायची.

"कुणाकडून लावून घेतलीस?" मी विचारलं.

"मला वाटलं तूच लावलीस मागच्या रविवारी," आई भाजी निवडत म्हणाली. "छान बसलीय. राहू दे."

ती स्प्रिंग मी ओळखली. गाडीच्या स्टँडची. लहानपणी तिनं माझं बोट चिमटलं होतं. मी किल्ली घेऊन शेडमध्ये गेले. कुलूप शाबूत होतं, जमिनीवर धूळ सारखी पसरलेली होती, तिच्यावर माझ्याच चपलांचे ठसे उमटले. गाडीच्या स्टँडला स्प्रिंग नव्हती. गाडी पडू नये म्हणून तिच्या पोटाखाली लाकडी ठोकळा सरकवून ठेवला होता.

चोर ठोकळा लावून जात नाहीत.

मी दादाला फोन केला. "तू येऊन गेलास का?"

"मी महिनाभर ट्रकखाली पडलोय. का?"

"काही नाही," मी म्हणाले.

दोन आठवड्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर गाडीचा गोल आरसा लागला. ओट्यापाशी बसूनही त्यात पुढचं दार दिसत होतं. आईचे गुडघे दुखायचे, कुणी कडी वाजवली की तिला उठून बघायला लागायचं. आता लागत नव्हतं. "फाटकातून आत आलीस तेव्हाच दिसलीस," ती मला म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, कुणी आपली आठवण ठेवल्यासारखा.

त्यानंतर बाथरूममध्ये हँडलबार.

हे बघायला मात्र दादा स्वतः आला. न्हाणीच्या भिंतीवर, पायरीच्या वर, गाडीचा अख्खा हँडलबार आडवा बसवला होता, दोन्ही रबरी मुठींसकट. आईच्या खांद्याच्या बरोबर उंचीवर. दादानं आधी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला, मग त्याला लटकला. बार तसूभर हलला नाही.

"कोणीतरी गाडीचे हाल करतंय," तो म्हणाला. "आई, खरं सांग. कुणाला बोलावलंस?"

"मी कुणाला बोलावते का कधी?"

"मग हे आपोआप झालं?"

"ह्यांच्या हातचं काम तुला ओळखता येत नसेल तर तू कसला फोरमन," आई म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

दादा भिंतीशी वाकला. चार स्क्रू होते. चारींच्या खाचा सरळ उभ्या, एका रेषेत. बाबा प्रत्येक स्क्रू तसाच सोडायचे. आडव्या खाचेत पाणी साचतं आणि गंज धरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही दोघांनी ते पाहिलं. दादा एवढंच म्हणाला, "मला इतकं सरळ जमलं नसतं."

निघण्यापूर्वी त्यानं शेडला नवीन कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या आम्ही वाटून घेतल्या, आईकडे एकही ठेवली नाही. मी बॅगेतून माझ्या कामाची पट्टी काढली, दाराच्या फटीवर चिकटवली, सही केली. आई ओसरीवरून बघत होती. "लिफ्ट बंद पडली वाटतं," ती म्हणाली.

नऊ दिवसांनी, गुरुवारी सकाळी, तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा शांत होता. अंघोळ करताना डोळ्यांपुढं अंधारी आली, म्हणाली. पाय गेले. हात आपोआप वर गेला आणि मूठ हातात आली. नाहीतर डोकं पायरीवर आपटलं असतं.

तिला याआधी कधीही चक्कर आली नव्हती. मी तीनदा विचारलं. कधीही नाही.

हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. एक झडप आखडून गेली होती, नीट उघडत नव्हती. बदलावी लागेल, म्हणाले, पण वय आणि मूत्रपिंडं बघता जोखीम मोठी आहे. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. दवाखान्याच्या जिन्यात दादा माझ्याशी अगदी हळू बोलला, "यातून ती उठली नाही तर?" लहानपणी सगळं दुरुस्त होतं असं आम्हाला शिकवलं होतं, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला होता.

मी आईला माझ्या घरी नेणार होते. तिची बॅगही भरली. ती पलंगावर बसून राहिली.

"मला इथून हलवू नका," ती म्हणाली.

"आई, तू इथं एकटी असतेस. रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"तीन आठवडे राहू दे. मग न्या कुठं न्यायचं तिथं." तिनं बॅगेतली साडी काढून परत कपाटात ठेवली. "काम अर्धवट आहे."

"कसलं काम?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाला समजावून उपयोग नसतो तेव्हा पाहतात तसं. मग मीच रजा टाकली आणि तिथं राहायला आले.

त्या दिवसांत तिचा श्वास दोन खोल्यांतून चालतानाही लागायचा. नखं निळसर दिसायची. मी तिच्या पायांना तेल लावायचे आणि ती मला गाडीच्या गोष्टी सांगायची. चढावर बंद पडली तेव्हा दोघांनी ढकलत कशी नेली. माझ्या वेळेला कळा सुरू झाल्या तेव्हा बाबांनी दवाखान्यात कशी नेली, खड्डे चुकवत, बैलगाडीच्या वेगानं. "सगळ्या जन्मात एवढी हळू कधी चालवली नसेल," ती म्हणाली.

ऑपरेशनला चार दिवस राहिले होते. दुपारचे अडीच. आई झोपली होती. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ऊन कडक होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मागून आवाज यायला लागला.

खर्र, खर्र. मग थोडं थांबून पुन्हा. दोन तळव्यांमध्ये काठी धरून उलटसुलट फिरवावी तसा. हा आवाज मला माहीत होता. इंजिनची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, त्याच्या जागी घट्ट बसावा म्हणून पेस्ट लावून असा घासतात. धांदल करून चालत नाही. बाबा अख्खी दुपार घालवायचे.

मी उठून मागं गेले. शेडपाशी पोचेपर्यंत आवाज चालू होता. मी कडीला हात लावला आणि तो थांबला.

पट्टी शाबूत होती. माझी सही, माझी तारीख. मी ती स्वतः फाडली आणि माझ्याकडच्या किल्लीनं कुलूप उघडलं.

आत रॉकेलचा वास होता.

इंजिनचं हेड, त्याचं वरचं झाकण, उघडलेलं होतं. नट एका रांगेत, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं मांडलेले. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. मी तारीख वाचली. त्याच दिवसाचं. त्यातलं शब्दकोडं सकाळी मी अर्धं सोडवलं होतं आणि पेपर स्वयंपाकघरात ठेवला होता. कोडं आता पूर्ण होतं.

इंजिनला दोन व्हॉल्व्ह असतात. तिथं एकच होता.

दुसरा मी सगळीकडे शोधला. टाकीखाली, फळ्यांवर, डब्यांत. तो तिथं नव्हता.

मी घरात धावले. आई कुशीवर झोपली होती. श्वास संथ आणि लांब. मी तिचा हात उचलला. तो गरम होता. नखं गुलाबी होती.

तिनं डोळे उघडले. "चहा टाकतेस?" ती म्हणाली. "नाहीतर राहू दे, मीच टाकते." आणि ती उठून, कशालाही न धरता, स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली. मग यंत्र बदलून केली. मग वरच्या मजल्यावरून आणखी एका डॉक्टरांना बोलावलं. दोघं बराच वेळ जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघत होते.

"मधल्या काळात दुसरीकडे कुठं ऑपरेशन करून घेतलंत का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"कडा फार स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "घासून बसवल्यासारख्या." मग ते आईकडे वळले. "आजी, नक्की काही केलं नाहीत ना?"

"मी काय करणार," आई म्हणाली. "झोपले होते."

ऑपरेशन रद्द झालं.

दादा आला तो थेट शेडमध्येच गेला. खूप वेळ गाडीपाशी उकिडवा बसला होता. मी दारात उभी राहिले. त्यानं टाकीवर तळहात ठेवला होता आणि त्याचे खांदे हलत होते. त्याला मी रडताना आधी एकदाच पाहिलं होतं. नंतर त्यानं डोळे पुसले, हेड उचलून जागेवर बसवलं आणि एकेक नट ताकद लावून आवळला. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी नव्या पट्टीवर सह्या केल्या. का, ते मला सांगता येणार नाही. दोष तर दूर झाला होता.

पाच महिने काही झालं नाही. आई सकाळी फिरायला जायला लागली. खिडकी आपटली नाही, नळ गळला नाही. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा ती स्टुलावर चढून बल्ब बदलत होती. मी ओरडले तरी उतरली नाही. "हे एवढं होऊ दे," म्हणाली.

मी सवयीनं मागं जाऊन आले. पट्टी जागेवर होती, दोन्ही सह्यांसकट. ती फाडून मी कुलूप उघडलं.

दादानं आवळलेले नट काढून रांगेत मांडलेले होते. हेड खाली उतरवलेलं होतं. शेजारी स्वच्छ फडकं, आणि फडक्यावर तो मागं उरलेला व्हॉल्व्ह. त्याची अर्धी कड घासून चकचकीत झाली होती, अर्धी अजून काळी. फडकं रॉकेलनं ओलं होतं.

मी तशीच घरात आले. आई नुकतीच स्टुलावरून उतरत होती.

"आई, तुला बरं वाटतंय ना? चक्कर? श्वास?"

"मला काय धाड भरलीय," ती म्हणाली. हात पुसत ती जवळ आली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. तिनं स्टूल माझ्या मागं सरकवलं आणि खांदा दाबून मला त्यावर बसवलं.

"शेडपासून इथवर यायला तुला एवढी धाप का लागली?" तिनं विचारलं. "आणि तुझे ओठ असे निळे कधीपासून पडायला लागलेत?"